बोटींच्या इंजिनांना मिस्त्री मिळत नाहीत: पोरं निवडायची कशी, तयार करायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हर्णै बंदराजवळ बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. ट्रॉलरची सहा सिलिंडरची डिझेल इंजिनं आणि पर्यटकांच्या होड्यांच्या मागे बाहेरून लावायची आउटबोर्ड इंजिनं, अशी दोन्ही कामं येतात. मिस्त्री दोनच, त्यातल्या एकाचे गुडघे गेलेत. दरवर्षी जूनमध्ये तीन-चार पोरं ठेवली जातात आणि गणपतीपर्यंत एकही टिकत नाही. आयटीआयवाल्यांना ‘काही येत नाही’, आणि ज्यांना येतं ते गोव्याला नाहीतर आखातात जातात. मग माणसं आणायची कुठून आणि शिकवायची कधी?

गडबड जूनमध्येच आहे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मे संपता संपता बोटी वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि वर्षभर रेटलेली इंजिनं एकाच वेळी उघडायला येतात. प्रत्येक मालकाला बोट ३१ जुलैच्या आत तयार हवी असते. अशा वेळी मिस्त्रीला मान वर करायला फुरसत नसते, तो शिकवणार काय? नव्या पोराच्या वाट्याला डिझेलमध्ये सुटे भाग धुणं, हेड उचलणं आणि चहा आणणं येतं. धुतलेला भाग कुठे बसतो हे त्याला कोणी सांगत नाही. शिवाय बंदीतल्या कामात इंजिन पूर्ण उघडायचंच असतं, त्यामुळे बिघाड शोधावा लागत नाही. बिघाड शोधणं ऑगस्ट ते मे चालत्या इंजिनावर शिकता येतं, आणि तेव्हा तुमच्याकडे पोरगंच नसतं.

म्हणून भरती गणपतीनंतर करा. आयटीआयच्या परीक्षा पावसाळ्यात होतात, ताजी मुलं साधारण तेव्हा मोकळी होतात. मुंबईच्या गॅरेजांत काम करणारे चाकरमानीही गणपतीला घरी असतात आणि ‘इथेच काही असतं तर परत गेलो नसतो’ असं म्हणणारे दोन-चार तरी गावात भेटतात. ऑक्टोबरमध्ये आलेल्या पोराला आठ महिने छोटी कामं मिळतात आणि पुढच्या जूनमध्ये तो मिस्त्रीच्या हाताखाली खराखुरा उपयोगी पडतो. जूनमध्ये हमालीला माणसं लागतात ती दोन महिन्यांच्या रोजंदारीवर वेगळी ठेवा आणि त्यांना तसं स्पष्ट सांगा. हमाल आणि शिकाऊ एकाच नावाखाली ठेवले की शिकाऊ आधी पळतो.

आयटीआयमधून घ्यायचं तर कोणत्या ट्रेडचं? सगळे डिझेल मेकॅनिक मागतात. तो कोर्स एका वर्षाचा. मुलाला भागांची नावं आणि क्रम ठाऊक असतात, पण प्रत्यक्ष इंजिनावर हात कमी फिरलेला असतो. फिटरचा कोर्स दोन वर्षांचा, आणि त्यात फाइल, व्हर्नियर, मायक्रोमीटर यांवर हात बसतो. माझं मत फिटरच्या बाजूने आहे. इंजिन सहा महिन्यांत शिकवता येतं, मोजायची सवय लावायला त्याहून जास्त वेळ जातो. आउटबोर्डसाठी मात्र दुचाकीच्या गॅरेजात काम केलेला मुलगा लवकर तयार होतो, कारण कार्बोरेटर आणि स्पार्क प्लगची भाषा त्याला आधीच येते.

निदेशकांना गुण विचारू नका. वर्कशॉपच्या तासाला वेळेवर कोण येतं, सुट्टी झाली तरी हातातला जॉब पुरा कोण करतं, एवढं विचारा. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलींकडे आपल्या धंद्यात कोणी बघत नाही. स्टार्टर-अल्टरनेटरची दुरुस्ती आणि नोझल (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारा भाग) टेस्टिंगचं टेबल हे बारीक, स्वच्छ काम आहे, रात्री जेटीवर जायची गरज नाही, आणि या टेबलावर माणूस नसल्यामुळे बरीच दुकानं नोझल बाहेर पाठवून दोन दिवस घालवतात.

दुसरा साठा बोटींवरच आहे. बोटीवर इंजिन सांभाळणाऱ्या खलाशाला आवाज बदललेला, धूर काळा की पांढरा, ऑइलला डिझेलचा वास येतोय का, हे आधीच कळतं. रात्र रात्र समुद्रावर राहायला कंटाळलेला, नुकतं लग्न झालेला असा खलाशी हा उत्तम उमेदवार. तो मोजमापात कच्चा असतो, पण गिऱ्हाइकाशी त्याच्याच भाषेत बोलतो. आयटीआयवाला आणि खलाशी अशी जोडी ठेवली की दोघं एकमेकांना शिकवतात. फक्त ज्याच्या बोटीवरचा खलाशी तुम्ही उचलणार, तो तांडेल (बोटीचा प्रमुख) तुमचं गिऱ्हाईक असतो. त्याच्या कानावर आधी घाला, आणि हंगामाच्या मध्यात उचलू नका.

मुलाखत घेऊ नका, एक दिवस काम द्या, आणि त्या दिवसाची मजुरी द्या. ‘फोर स्ट्रोक म्हणजे काय’ हे विचारून काही कळत नाही. टेबलावर ८, १० आणि १२ मिलिमीटरचे बोल्ट ठेवा आणि पाने वेगळे ढिगात. त्यांना लागणारा १३, १७, १९ चा पाना अंदाजाने उचलतो की प्रत्येक लावून बघतो, एवढ्यावर हाताची सवय कळते. मग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) देऊन जुन्या हेडवरचा व्हॉल्व्हचा टॅपेट ठरावीक गॅपला लावायला सांगा. पट्टी खेचताना हलकं घर्षण जाणवलं पाहिजे. ती कोंबणारा आणि सैल सोडणारा दोघंही शिकवता येतात, पण ‘बरोबर आहे का’ म्हणून लॉकनट आवळल्यावर पुन्हा तपासणारा सापडला तर त्याला सोडू नका, कारण नट आवळताना गॅप हलतो हे त्याला न सांगता कळलंय.

सगळ्यात बोलकी परीक्षा म्हणजे खाऱ्या पाण्याने जाम झालेला बोल्ट. आउटबोर्डच्या अॅल्युमिनियममध्ये अडकलेला स्टीलचा बोल्ट समोर ठेवा आणि काही न बोलता बाजूला व्हा. एक पोर पान्यावर पाइप चढवून जोर लावतं आणि पाच मिनिटांत बोल्टचं डोकं तोडून हातात देतं. दुसरं गंज सोडवायचं तेल मारतं, हातोडीने हलके ठोके देतं, थांबतं, आधी आवळायच्या दिशेला किंचित हलवतं आणि मग उलटं फिरवतं. दुसरं पोर हळू वाटतं, पण कोकणच्या किनाऱ्यावर निम्मं काम जाम झालेल्या वस्तू न तोडता सोडवण्याचंच आहे. तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढायचा, नवे आटे पाडायचे, यात अर्धा दिवस जातो आणि त्याचं बिल कोणी देत नाही.

दिवसाच्या शेवटी काय काय केलं ते त्याला मराठीत चार ओळी लिहायला लावा. अक्षर कसंही असो. लिहायला अजिबात तयार नसलेला माणूस पुढे जॉब कार्ड भरणार नाही.

आता शिकवण्याकडे. पहिले पंधरा दिवस हत्यारं. खाऱ्या हवेत प्रत्येक पाना संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून जागेवर जायला हवा. भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या रंगवल्या की काय कमी आहे ते दिसतं. हे किरकोळ वाटतं, पण बोटीच्या तळात राहिलेला पाना पुढे फिरत्या शाफ्टमध्ये जातो.

त्यानंतरचे दोन-तीन महिने रोजची कामं: ऑइल, फिल्टर, बेल्ट, पाणी वेगळं करणारा डिझेल फिल्टर, झिंकचे अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे तुकडे), इम्पेलर (थंड करायचं पाणी खेचणारं रबरी पात्यांचं चाक) आणि एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, काढणं. एअर काढणं नीट शिकवलं तर निम्म्या रात्रीच्या फोनांना तो एकटा जाऊ शकतो. आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग फ्युएल पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट अर्धा-पाऊण आटा सैल करून स्टार्टर मारायचा, डिझेल आलं की एकेक आवळायचा. इथे तीन गोष्टी चुकतात. पोर पहिले बुडबुडे गेले की घाईने स्क्रू आवळतं. तांब्याचा वॉशर जुनाच पुन्हा घालतं, आणि मग ती जागा हवा ओढत राहते. किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा एअर धरली की पुन्हा काढतं, पण हवा येते कुठून हे शोधत नाही. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या पाइपातली बारीक चीर डिझेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. म्हणून ती डोळ्याला दिसत नाही. तो पाइप एकदा पारदर्शक नळीने बदलून चालवून दाखवा, पोराला बुडबुडे दिसतात आणि पुन्हा सांगावं लागत नाही.

इंजिन तापतंय ही दुसरी शाळा. क्रम पाठ करून घ्या: समुद्राच्या पाण्याची गाळणी, सीकॉक (बोटीच्या तळातला पाणी आत घ्यायचा कॉक), इम्पेलर, पाइप, हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिनचं पाणी थंड करणारा), थर्मोस्टॅट, आणि सगळ्यात शेवटी हेड गॅस्केट. नवखा माणूस उलटा जातो, थेट हेड उघडतो किंवा थर्मोस्टॅट काढून फेकून देतो आणि इंजिन थंड राहिलं म्हणून खूश होतो. गाळणीत प्लास्टिकची पिशवी निघण्याची शक्यता गॅस्केट जाण्यापेक्षा कितीतरी जास्त. इम्पेलर बदलताना जुन्याची पाती मोजायची. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो रबराचा तुकडा सापडेपर्यंत काम संपलेलं नाही. तो पुढे जाऊन एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतो, नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापत राहतं, आणि बोट आठवड्यात परत येते. तुकडे टेबलावर जुळवून पातं पूर्ण करून दाखवल्याशिवाय झाकण लावायचं नाही, हा नियमच करा.

आउटबोर्डवाल्या पोराला वेगळ्या चार गोष्टी. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायच्या टू-स्ट्रोकला ५०:१ सांगितलं असेल तर एक लिटरला २० मिलिलिटर, मापाने, अंदाजाने नाही. आणि प्रमाण मॉडेलच्या पुस्तकातून बघायचं, शेजाऱ्याच्या तोंडून नाही. पाण्याशिवाय इंजिन ‘फक्त बघायला’ सुरू करायचं नाही, इम्पेलर कोरडा फिरला की लगेच जळतो. दुकानात गोड्या पाण्याचं पिंप भरलेलं असू द्या, चाचणी त्यातच. खालच्या गिअरचं ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा आणि नंतर खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते, ऑइल कमी बसतं, आणि गिअर गेल्यावर दोष कंपनीला जातो.

काढलेलं ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर सीलमधून पाणी शिरलंय. तेव्हा नवा सील मागवण्याआधी पंखा (प्रोपेलर) काढून शाफ्ट बघायला शिकवा. गळाची नायलॉन दोरी पंख्यामागे गुंडाळली जाते आणि सील कापते. मालवण-तारकर्लीपासून दापोलीपर्यंत जिथे पर्यटकांच्या होड्या आणि गळ टाकणारे एकाच पाण्यात आहेत, तिथे हे नेहमीचं. दोरी तशीच ठेवून नवा सील घातला तर तोही जातो.

ग्लँडची दोरी (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी) बदलणं आणि शाफ्टचं अलाइनमेंट (शाफ्ट इंजिनच्या सरळ रेषेत आणणं) ही कामं पहिल्या वर्षात एकट्याला देऊ नका. ग्लँडमध्ये दोरी स्प्रिंगसारखी सलग गुंडाळणं ही पिढीजात चूक आहे. शाफ्टभोवती एकेक कडं कापायचं, तोंडं तिरकी, आणि प्रत्येक कड्याचा जोड आधीच्यापेक्षा फिरवून. जुनी दोरी तळापर्यंत काढायची. शाफ्ट फिरताना थोडे थेंब पडले पाहिजेत. पूर्ण कोरडी करायच्या नादात आवळली की दोरी तापते आणि शाफ्टवर खाच पडते. अलाइनमेंटचं तर असं, की बोट किनाऱ्यावर टेकवलेली असताना धरलेलं माप पाण्यात टिकत नाही, हल वाकते. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सैल ठेवून बोट उतरवायची, एक दिवस पाण्यात बसू द्यायची, मग दोन्ही तबकड्यांमधला गॅप वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेजने मोजायचा. चार इंची कपलिंगला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत यायला हवा. ३१ जुलैच्या गर्दीत हे दुसऱ्या दिवशीचं मोजणं हमखास राहून जातं. मग सप्टेंबरमध्ये गिअरबॉक्सचा सील गळतो आणि सगळे सीलला शिव्या देतात. हे काम शिकाऊ पोराच्या नावावर लिहून ठेवा. मोजेल तो आणि सही करेल मिस्त्री.

प्रत्येक कामाची नोंद चार पायऱ्यांत ठेवा: पाहिलं, हाताखाली केलं, एकट्याने केलं, दुसऱ्याला दाखवलं. तीसेक कामांचा एक तक्ता पुरतो. पगारवाढ तारखेवर न देता या तक्त्यावर द्या. पोराला पुढचे पैसे कुठल्या कामावर आहेत ते भिंतीवर दिसतं. परत आलेलं काम ज्याने केलं त्यानेच उघडायचं, त्याचे पैसे कापायचे नाहीत. पैसे कापले की लोक चुका लपवायला शिकतात, आणि समुद्रात लपवलेली चूक महाग पडते.

सुरक्षेबाबत चार गोष्टींवर तडजोड नको. मासळीच्या बंद खणात किंवा तळात कोणी एकटं उतरायचं नाही. कुजलेल्या मासळीतून निघणारा विषारी वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि वाचवायला घाईने उतरणारा दुसरा तिथेच पडतो. आधी झाकणं उघडायची, हवा खेळवायची, वर माणूस उभा ठेवायचा. पंख्याजवळ कोणी पाण्यात असेल तर इंजिनची चावी त्या माणसाच्याच खिशात. नोझल टेस्ट करताना फवाऱ्यासमोर हाताचं बोट नाही. डिझेल कातडीखाली शिरलं तर रक्त न येताही लगेच दवाखाना, उद्यावर ढकललं तर हाताचं बोट जातं. आणि पाडावातून (छोट्या होडीतून) बोटीवर जाताना लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. अठराच्या खालच्या मुलाला इंजिनरूममध्ये घेऊच नका. कामगार नुकसानभरपाईचा विमा पहिल्या दिवसापासून उतरवा.

सरकारी योजनांपैकी उपयोगाची राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना. २०१६ पासून चालू आहे. ठरलेल्या विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपयांपर्यंत केंद्र सरकार देतं. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं सक्तीचं, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. म्हणजे तुमची माणसं मोजून चार भरत असतील तर अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करता येते. करार नोंदवला नाही तर ते अप्रेंटिस ठरत नाहीत, साधे कामगार ठरतात आणि किमान वेतन लागू होतं. पीएम विश्वकर्माच्या मागे धावू नका. त्या १८ व्यवसायांत होडी बांधणारा आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे, इंजिन मिस्त्री नाही. आयटीआय न केलेल्या जुन्या मिस्त्रीला पूर्वज्ञानाच्या मान्यतेचं, म्हणजे आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दिलेलं, प्रमाणपत्र मिळवून देता आलं तर जरूर बघा.

मिस्त्रीवर बरंच अडतं. तो शिकवत नाही, कारण पोरगं तयार झालं की आपली गरज संपेल असं त्याला वाटतं, आणि बऱ्याच दुकानांत तसं झालेलंही आहे. म्हणून त्याला शिकवण्याचे वेगळे पैसे द्या: तक्त्यातलं एक काम पोराने ‘एकट्याने केलं’ या रकान्यात गेलं की मिस्त्रीला ठरलेली रक्कम. गुडघे गेलेल्या मिस्त्रीला नोझलच्या टेबलावर आणि तपासणीला बसवा. बोटीत उतरणं पोराचं, पास करणं त्याचं. त्याच्या हाताचे मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढून ठेवा, त्याच्याच बोलीत. कंपनीच्या इंग्रजी पुस्तकापेक्षा ते जास्त बघितले जातात. आणि तांडेलासमोर पोरावर ओरडायचं नाही, हे मिस्त्रीला एकदाच पण नीट सांगा. पुष्कळ पोरं पगारासाठी जात नाहीत, जेटीवर चार लोकांत झालेल्या अपमानासाठी जातात.

सुट्ट्या आधी लिहून ठरवा. गणपती, शिमगा, नारळी पौर्णिमा, आणि मुस्लिम मुलं असतील तर रमजान-ईद. गणपतीत दोन तुकड्या करा, एक दीड दिवसाची, एक गौरी विसर्जनापर्यंतची, पुढच्या वर्षी अदलाबदल. न ठरवलेली सुट्टी पोरं घेतातच, फक्त न सांगता घेतात. रात्री जेटीवर बोलावलं तर त्याचा भत्ता वेगळा आणि त्याच आठवड्यात.

मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायची पद्धत बंद करा. चांगली मुलं त्या अटीवरच परत जातात आणि अडलेली तेवढी उरतात. त्यापेक्षा हत्यारांचा संच द्या: पाने, सॉकेट, फिलर गेज, टॉर्क रेंच. पहिल्या दिवशी त्याच्या नावाने पेटी, दोन वर्षं पूर्ण झाली की मालकी त्याची, आधी गेला तर पेटी दुकानाची. आखाताचा व्हिसा आलेल्याला अडवता येत नाही. त्याने दोन महिने आधी सांगितलं तर अनुभवाचं पत्र आणि कामांच्या तक्त्याची प्रत द्यायची, हे भरतीच्या दिवशीच कबूल करा. तो सांगून जातो, तुम्हाला त्याच्या हाताखालचा पुढे आणायला वेळ मिळतो, आणि मे महिन्यात सुट्टीवर आला की त्याच्या चुलत भावाला तोच घेऊन येतो.